बंदूकशेठचं सांबर

जन्मात कधी बंदुकीला बोट न लावलेल्या माणसाला शहाद्याच्या बाजारपेठेत सगळे बंदूकशेठ म्हणत. खरं नाव वहीवर आणि प्रार्थनेच्या थानकातल्या यादीत तेवढं उरलं होतं. शेठ मारवाडातून आलेले ओसवाल जैन. पाणी गाळून पिणारे, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, रस्त्याने चालताना मुंग्यांची रांग दिसली तर थांबून तिला आधी जाऊ देणारे. कुणी शिकारी बंदूक खांद्याला लावून त्यांच्या किराणा दुकानाची पायरी चढू लागला की हे गादीवरूनच हात वर करत. "भाऊ, ती भाईर ठेव. तू मजारमा ये." आणि तरीही जुन्या विलायती बंदुकांच्या कॅटलॉगची पारख करणारा त्यांच्यासारखा माणूस तापीच्या या तीरावर नव्हता, बहुधा त्या तीरावरही नव्हता.

मी तेव्हा शहाद्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला चार-पाच वर्षं होती. धुळ्याहून आलेला, बावीस वर्षांचा, आणि आपल्याला सगळं समजतं अशा घमेंडीत असलेला. शेठना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक जाड कॅटलॉग माझ्यापुढे सरकवलं. "मास्तरसाब, हाई कवाचं शे?" मी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, उलटसुलट केलं. साल कुठेच छापलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. शेठ हसले. "मंग विंग्रजी शिकीसन काय फायदा?" माझी घमेंड तिथे जी उतरली ती पुन्हा पूर्वीच्या उंचीवर कधी चढली नाही.

ही कॅटलॉगं त्यांच्याकडे आली ती रद्दीतून. विलायतेतल्या बंदुकांच्या कंपन्या दरवर्षी जंगलखात्याच्या साहेबांना, कापसाच्या जिनांच्या मॅनेजरांना, सातपुड्यातल्या छोट्या संस्थानिकांना टपालाने पुस्तकं पाठवत. त्यात बंदुकांची चित्रं, किमती, आणि मधूनमधून शिकारीची मोठी चित्रं असत. साहेबाची बदली झाली की त्याचा बटलर सगळा कागद शेठच्या तराजूत आणून टाकी. आता पंचाईत बघा. बंदुकीच्या चित्राच्या कागदात गूळ बांधणं पाप. कागद जाळणं किंवा पायदळी तुडवणं म्हणजे अक्षराची, ज्ञानाची विटंबना, तेही पाप. शस्त्राचा व्यापार तर आणखी मोठं पाप, म्हणून विकताही येईना. गूळ पळसाच्या पानात बांधला जाई आणि पुस्तकं माळ्यावर चढत. वीस वर्षांत माळा भरला. जे टाकता येत नाही ते माणूस शेवटी उघडून बघायला लागतो, तसं शेठचं झालं.

पुस्तक उघडायची त्यांची एक रीत होती. आधी लोकरीची मऊ पुंजणी घेऊन ते प्रत्येक पानाची शिवण हलक्या हाताने झाडत. त्यातून कसर निघे. कसर म्हणजे कागद खाणारा तो चंदेरी किडा, कुठल्याही पुस्तकवाल्याचा वैरी. शेठ त्याला कागदाच्या कपट्यावर घेऊन मागच्या अंगणात सोडून येत. मी म्हणालो, "शेठ, तो रात्रीतून परत येणार आणि हेच पुस्तक खाणार." ते म्हणाले, "त्यानं काम त्यानी करं, मन्हं मी करस." वर ते पुस्तकात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालत, म्हणजे किड्याने आपल्या मर्जीनेच दुसरीकडे जावं.

साल ओळखण्याची त्यांची विद्या ऐकायला सोपी वाटे. मुखपृष्ठावर प्रदर्शनांत मिळालेली पदकं छापलेली असत. शेठ ती मोजत. "पदक कोनी फेकी देस का? तीन पदकवालं मोठं, पाच पदकवालं त्यानं धाकलं." मग बंदुकीचे घोडे. त्यांना ते कान म्हणत. कानवाली बंदूक म्हातारी, बिनकानाची तरणी. मग कागद. जुना कागद चिंध्यांचा, जाड, बोटाला कापडासारखा लागणारा. नवा कागद गुळगुळीत, पावसाळ्यात पानाला पान चिकटणारा. जुनी शिवण दोऱ्याची, नवी तारेची. तार गंजून पानावर तांबडा डाग पडला असेल तर तो डाग किती पानं आत गेला तेही ते बघत. शेवटी पुस्तक नाकाशी नेत आणि डोळे मिटत. "कागद खोटं बोलस नही, मास्तरसाब. छापनारा बोलस."

मोल सांगायची तऱ्हाही त्यांचीच. रुपयांचं नाव तोंडातून काढत नसत, कारण काढलं की व्यापार झाला. त्यांच्या तीनच प्रतवाऱ्या होत्या. ठेवानं, देवानं, रडानं. किमतीचा सुटा कागद आत जागेवर असेल, रंगीत चित्र शाबूत असेल, मागचं पुठ्ठं असेल, तर ते ठेवायचं. थोडं कमीजास्त असेल तर द्यायचं. आणि पान गेलेलं असेल तर रडायचं. सुरतेचे एक पारशी बावाजी जुन्या बंदुका दुरुस्त करायचे. कुठल्या बंदुकीला कुठला भाग बसतो हे कळायला त्यांना ही पुस्तकं लागत. ते हिवाळ्यात जुन्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन येत, शेठच्या शब्दावर त्यांचे तीन ढीग करत, आणि जाताना पांजरापोळातल्या गुरांसाठी कडबा आणि कबुतरांसाठी ज्वारी टाकून जात. हा व्यापार नव्हे, असं दोघांचंही मत होतं. मला ते मत जरा सोयीचं वाटे.

शेठचा एक नियम मात्र कडक होता. "फाटेल पान, अर्धं मोल. कापेल पान, शून्य." हा नियम ते इतक्या कडवटपणे सांगत की त्यामागे काहीतरी असणार हे मला कळे. एकदा माळ्यावर पांढऱ्या कापडात बांधलेला वेगळा गठ्ठा माझ्या हाती लागला आणि शेठचा चेहरा उतरला. त्यात वीसेक पुस्तकं होती. प्रत्येकात शिकारीच्या चित्रांना भोकं. शिकारी जागेवर, बंदूक जागेवर, झाड जागेवर, आणि समोर वाघाच्या, हरणाच्या, बदकाच्या आकाराचं भोक.

कात्री शेठचीच होती. या पुस्तकांचं मोल कळायच्या आधी, दरसाल पर्युषणाच्या आठ दिवसांत, ते बंदुकीसमोरून एकेक जनावर कापून सोडवत. व्रतच घेतलं होतं तसं. कापलेली जनावरं टाकायची कुठे? पिंजऱ्यातून सोडवलेल्या जनावराला जिथे नेतात तिथे. लोणखेड्याच्या वाटेवर पांजरापोळ होतं. तिथल्या भिंतीवर, गव्हाणीच्या वर, शेठनी ती सगळी खळीने चिकटवली होती. लंगड्या गाई आणि म्हातारे बैल कडबा खात आणि वर विलायती हरणं, वाघ, तितर बसलेले. मी ती भिंत पाहिली तेव्हा आधी पोट धरून हसलो आणि मग का कोण जाणे, माझे डोळे भरून आले. ती कापाकापी चालू असताना एकदा बावाजींनी अशी दोन पुस्तकं पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. तेव्हापासून कात्री बंद झाली आणि तो नियम सुरू झाला.

त्या वर्षी माघ संपता संपता दित्या नाईक तोरणमाळच्या बाजूच्या आपल्या पाड्यावरून खाली उतरून दुकानात आला. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. त्याच्या घरातली दोनळी बंदूक फौजदाराने उचलून नेली होती. आदल्या हिवाळ्यात तिकडे मुक्कामाला आलेल्या एका साहेबाची बंदूक हरवली होती. साहेब परत विलायतेला गेला, पण जाताना लिहून गेला की बंदूक अमुक कंपनीची, तीन वर्षांपूर्वी नवी घेतलेली. दित्याच्या बंदुकीवर त्याच कंपनीचं नाव निघालं. दित्याचा परवाना झोपडी जळाली त्यात गेलेला. कचेरीच्या जुन्या नोंदीत नुसतं 'दोनळी विलायती बंदूक, एक' एवढंच. आठ दिवसांनी मामलेदारापुढे सुनावणी होती. बंदूक आपली आहे हे दित्याला दाखवता आलं नाही, तर तो चोर ठरणार होता आणि तुरुंगात जाणार होता.

दित्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "शेठ, ती बंदूक मना आजानी मागाडी व्हती. जंगलना साहेबनी त्याले पुस्तक दाखाडं. आजानी चित्रपान तीरकामठा काढा. ते पुस्तक मना बापनी तुमले दिधं, मिठना बदलामा."

आजाने चित्रापाशी तीरकामठा काढला, म्हणजे हीच बंदूक हवी अशी सही केली. भिल्ल नाईक लिहिता येत नसल्यामुळे कागदावर बाण चढवलेलं धनुष्य काढत आणि सरकार ते सही म्हणून मानी. कचेरीच्या जुन्या कागदांवर दित्याच्या आजाची ती निशाणी असणारच होती. तीच पुस्तकात सापडली की काम फत्ते. मी खुशीत येऊन शेठकडे पाहिलं. ते उठले आणि माळ्यावर गेले. खाली आले तेव्हा त्यांच्या हातात पांढऱ्या कापडाचा तो गठ्ठा होता.

पुस्तक सापडलं. तीन पदकं, दोऱ्याची शिवण. शेवटून चौथ्या पानावर शिकारीचं मोठं चित्र होतं. उजवीकडे गुडघा टेकून नेम धरलेला शिकारी, आणि डावीकडे सांबराच्या आकाराचं भोक. पान उलटलं. मागे बंदुकांची चित्रं आणि यादी, आणि बरोबर जिथे दित्याच्या आजाने निशाणी केली होती असं दित्याचा बाप सांगे, तिथे तेच भोक. शिंगांसकट.

दित्याने त्या भोकातून बोट आरपार घातलं. मग दित्या सावकाश म्हणाला, "शेठ, जनावर सोडी दिधं, मानूस बांधाई गया."

शेठनी मान खाली घातली. मी म्हणालो, "अहो, सांबर पांजरापोळाच्या भिंतीवर आहे ना? काढू या. मागची बाजू दिसेल. पानात परत बसवलं की झालं." मला ते गणिताइतकं सरळ वाटत होतं. शेठ माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना कुणाचा तरी गळा दाबायला सांगितलं होतं. "मास्तरसाब," ते म्हणाले, "सोडेल जीव परत बंदूकना मोरे कसा बांधू?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच राग आला. एक जिवंत माणूस तुरुंगात जातोय आणि हे कागदाच्या सांबरासाठी अडून बसलेत! मी ताडताड बोललो. शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "सकाय या." त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत असं त्यांच्या पुतण्याने मला सांगितलं. आज वाटतं, त्यांच्या लेखी ते सांबर कागदाचं नव्हतंच. इतकी वर्षं ते त्याला रोज सकाळी भिंतीवर बघत होते.

सकाळी गेलो तर शेठ पांजरापोळात आधीच हजर. दित्या त्यांच्या शेजारी उभा. शेठनी पाणी गाळून घेतलं, मऊ फडकं भिजवलं आणि सांबरावर धरलं. "मानूस बी जीवच शे," एवढंच ते बोलले, आमच्याकडे न बघता. खळ जुनी, भिंत खडबडीत. फडकं धरायचं, थांबायचं, सुरीचं बोथट पातं कडेने नखभर सरकवायचं, पुन्हा फडकं. एक म्हातारी गाय मान वर करून सारखी ते फडकं चाटायला येई. शेजारचं एक बदक तिने पूर्वीच चाटून फस्त केलं होतं. दुपार कलली तेव्हा सांबर शेठच्या तळहातावर उतरलं. नवा कागद असता तर लगदा झाला असता. चिंध्यांचा म्हणून टिकला. त्यांनी ते पालथं केलं. खळीच्या डागांतून एक दोनळी बंदूक दिसत होती, कानवाली, आणि तिच्या दस्त्यापाशी शिसपेन्सिलीने काढलेला एवढासा तीरकामठा.

दित्या खाली बसला आणि त्याने भिंतीला हात टेकला.

सुनावणीच्या दिवशी शेठनी मामलेदाराच्या टेबलावर त्या कंपनीची सात पुस्तकं ओळीने मांडली. फौजदार वाईट माणूस नव्हता, पण सरळ गोष्ट सरळपणे मान्य करणं त्याच्या खात्यात बसत नव्हतं. तो म्हणाला, "यांवर साल नाही. जुनं कुठलं आणि नवं कुठलं, कशावरून?" शेठनी पदकं मोजून दाखवली. तीन, तीन, चार, पाच, पाच, सहा, सहा. पहिल्या पुस्तकांवर राणीचं चित्र, मग राजाचं. दोरा, मग तार. दित्याची बंदूक टेबलावर होती. शेठ तिला न शिवता दुरूनच बोट दाखवत. "हाई कानवाली, घोडाना खाले कळवाली. पहिला दोन पुस्तकमा शे. तिसरामा नही. मंग कोठेच नही. साहेबनी नवी लिधी ती हाई कशी व्हई?"

मामलेदारांनी बंदुकीशी चित्र ताडून पाहिलं. मग फौजदार म्हणाला, "बंदूक जुनी असेल. पण याच्या आजाचीच कशावरून?" शेठनी पान पुढे केलं. सांबर जागेवर बसलेलं, पण चारही बाजूंनी कापल्याची रेघ उघड. "हे पान कापलेलं आहे," मामलेदार म्हणाले. शेठनी हात जोडले.

"मीच कापं व्हतं, साहेब. मन्हं पाप शे. त्यानी सजा दित्याले देऊ नका."

मामलेदारांनी कापलेल्या कडा बोटाने तपासल्या. रेषेला रेष जुळत होती. मग त्यांनी जुन्या कागदांचं बाड मागवलं. दित्याच्या आजाच्या तीन सह्या निघाल्या. तीनही तीरकामठ्यांची दोरी डाव्या टोकाला सुटलेली काढलेली होती. पुस्तकातल्याचीही तशीच. मामलेदारांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बंदूक परत द्या."

होळीच्या आधी दित्या पानाच्या द्रोणात चारोळी घेऊन आला. बंदूक त्याने कुणी न सांगताच पायरीखाली भिंतीला टेकवून ठेवली. शेठनी चारोळी डोक्याला लावली. मग म्हणाले, "दित्या, सांबर मारू नको." दित्या म्हणाला, "नही मारनार." थोडं थांबून त्याने विचारलं, "मकामा डुक्कर उनं तं?" शेठ म्हणाले, "ते माले इचारू नको." दित्या हसला. मी त्याला हसताना तेवढंच एकदा पाहिलं. शेठनी मात्र सुनावणीच्या दुसऱ्या दिवसापासून तेला धरला होता, तीन दिवसांचा उपास. त्याचं कारण त्यांना विचारायची माझी छाती झाली नाही.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी शेठ माझ्या खोलीवर आले. पूर्वी कधी आले नव्हते. बगलेत तेच पुस्तक. त्यांनी ते पान उघडलं, उलटलं, आणि शिकाऱ्याच्या मागची जागा बोटाने दाखवली. "मास्तरसाब, आठे काय लिखेल शे?" मी वाचलं. बंदुकीला लावायच्या तेलाची जाहिरात होती. "काम नं शे का?" मी म्हणालो, "काहीच कामाचं नाही, शेठ. नुसतं तेल." त्यांनी मान हलवली, पुस्तक मिटलं आणि माझ्या हातावर खडीसाखर ठेवून निघून गेले. मी सामान बांधण्याच्या गडबडीत होतो. दारापर्यंत पोचवायलाही गेलो नाही, याची रुखरुख अजून आहे.

मग महायुद्ध सुरू झालं. विलायतेची टपालं थांबली, बावाजींचं येणं थांबलं. एका पावसाळ्यात शेठ गेल्याचं कळलं. काही महिन्यांनी त्यांच्या पुतण्याने पाठवलेलं एक पार्सल धुळ्याला माझ्या नावाने आलं. पांढऱ्या कापडात बांधलेलं एकच पुस्तक, पानापानांत कडुलिंबाचा पाला. शेवटून चौथं पान मी उघडलं.

शेठच्याच नियमाने या पुस्तकाचं मोल आता शून्याच्याही खाली गेलं आहे, कारण त्या पानावर दुसऱ्यांदा कात्री चालली आहे. गुडघा टेकलेला शिकारी त्याच्या बंदुकीसकट कापून काढलेला आहे, तेलाच्या जाहिरातीसह, अगदी काळजीपूर्वक. डावीकडे सांबर उभं आहे, किंचित तिरकं चिकटलेलं, आणि त्याच्यासमोर आता कुणीच नाही.